माल तीन दिवसांत संपला, पण कारागिरांचं काय झालं? इनुकजुआकच्या इनुइट शिल्पांचं प्रकरण

नोव्हेंबर 1949 मध्ये मॉन्ट्रियलच्या पील स्ट्रीटवर कॅनेडियन हँडिक्राफ्ट्स गिल्डच्या दुकानात एक सेल लागला. हडसन बेच्या पूर्व किनाऱ्यावरून, म्हणजे आज ज्याला नुनाविक म्हणतात तिथून गोळा करून आणलेल्या साधारण हजारेक वस्तू होत्या, त्यात दगडाची आणि वॉलरसच्या सुळ्याची छोटी छोटी शिल्पं भरपूर. सेल आठवडाभर चालेल असा अंदाज होता, पण तीन दिवसांत सगळा माल खलास. आज इनुइट, म्हणजे कॅनडाच्या अगदी उत्तरेकडच्या मूळ रहिवाशांच्या, शिल्पांचं जे मार्केट दिसतं, गॅलऱ्या, ऑक्शन, म्युझियमची दालनं, त्याची सुरुवात लोक या तीन दिवसांपासून धरतात.

कॅनडात ही गोष्ट बहुतेक वेळा एका माणसाची गोष्ट म्हणून सांगतात. एक तरुण आर्टिस्ट उत्तरेत गेला, त्याला ही कला दिसली, त्याने ती जगासमोर आणली. मला ती तशी सांगायची नाहीये, कारण तीच आठ-दहा वर्षं गावाच्या बाजूने बघितली की प्रकरण एकदम वेगळं दिसतं. वस्तूला भाव लगेच मिळाला, ती घडवणाऱ्याला नाव आणि हक्क मिळायला फार वेळ लागला, आणि मधल्या काळात त्याच गावातल्या कुटुंबांसोबत सरकारने जे केलं ते वाचताना मला अजूनही राग येतो.

गाव म्हणजे इनुकजुआक. तेव्हाच्या नकाशावर पोर्ट हॅरिसन. हडसन्स बे कंपनीचं ट्रेडिंग पोस्ट, पोलीस, मिशन, आणि आजूबाजूला किनाऱ्यावर विखुरलेल्या छावण्यांमध्ये राहणारी इनुइट कुटुंबं. या लोकांचं पोट शिकारीवर आणि पांढऱ्या कोल्ह्याच्या कातडीवर. कोल्हा पकडायचा, कातडं पोस्टवर द्यायचं, त्याच्या बदल्यात पीठ, चहा, काडतुसं, कापड घ्यायचं. दुसऱ्या महायुद्धानंतर या कातड्याचे भाव कोसळले आणि दुकानातल्या मालाचे भाव मात्र वरच राहिले. म्हणजे माणूस तेवढाच राबतोय, तेवढेच कोल्हे पकडतोय आणि हातात येतंय त्याच्या कितीतरी कमी. शिल्पांची मागणी आली ती या वेळेला, त्यामुळे हे सगळं कलेच्या आवडीपोटी घडलं असं कुणी म्हणत असेल तर ते अर्धंच खरं आहे, गावाला त्या वेळी कमाईचा दुसरा रस्ता हवाच होता.

आता कौशल्य कुठून आलं? ते तिथे हजारो वर्षं होतंच. थुले काळातल्या, म्हणजे आजच्या इनुइटांच्या पूर्वजांच्या काळातल्या, लाकडी बाहुल्या सापडल्यात, अगदी बोटभर, चेहऱ्याला नाक-डोळे काही नाहीत पण बाईची उभी आकृती लगेच ओळखू येते. त्याच्याही आधीच्या डॉर्सेट लोकांची सुळ्यातली अस्वलं आहेत. नंतर व्हेलच्या शिकारीला येणारे खलाशी आणि मिशनरी यांच्यासाठी सुळ्यावर कोरून वस्तू विकणंही जुनंच. आणि दगडाचं म्हणाल तर ज्या जातीच्या मऊ दगडापासून आपल्याकडे संगजिरं करतात तोच दगड कोरून इथे कुल्लिक बनवायचे, म्हणजे सीलच्या चरबीवर जळणारा पसरट दिवा. घरात उजेड, ऊब, स्वयंपाक, ओले कपडे वाळवणं सगळं त्याच्यावर, आणि त्याची वात सांभाळणं बाईच्या हातात. हा दिवा कोरता येणाऱ्याला दगड कुठे फुटतो आणि कुठे धरतो ते माहीत असणारच ना.

हत्यारांकडे बघा. उलू हा बायकांचा सुरा. अर्धगोल पातं आणि वर मधोमध मूठ, त्यामुळे हाताचा सगळा जोर सरळ पात्यावर येतो. सीलच्या कातड्यावरची चरबी खरवडायला, कातडं बेतायला, मांस कापायला एकच. पातं पूर्वी पाटीच्या दगडाचं किंवा तांब्याचं असायचं, पोलाद मिळायला लागल्यावर जुन्या करवतीच्या पात्यातून कापून काढायला लागले, मूठ शिंगाची, हाडाची किंवा लाकडाची. एखादा जुना उलू निरखून बघा, मूठ एका बाजूला झिजलेली असते, त्यावरून तो कसा धरला जायचा ते कळतं.

आणि बाहुल्या. या नुसत्या खेळायला नव्हत्या. कॅरिबूच्या (उत्तरेतलं हरीण) आणि सीलच्या कातड्याचे उरलेले तुकडे घेऊन मुलगी बाहुलीला कपडे शिवायची, पार्का, पायात कामिक, आणि बाईची बाहुली असेल तर अमाउती, ज्याच्या पाठीवरच्या भागात बाळ बसतं. माप घ्यायला टेप नाही, सगळं नजरेने बेतायचं. बुटाला पाणी लागू नये म्हणून जी शिवण घालतात त्यात सुई कातड्याच्या आरपार जातच नाही, अर्ध्या जाडीतून फिरवून बाहेर काढतात म्हणजे भोक पडत नाही. ही शिवण चुकली तर नवऱ्याचा किंवा पोराचा पाय ओला होणार आणि त्या थंडीत ओला पाय म्हणजे बोटं जाणार. मुली हे सगळं बाहुलीवर शिकायच्या. मला स्वतःला या सगळ्या वस्तूंमध्ये बाहुली सगळ्यात मोलाची वाटते आणि मार्केटने तिला सगळ्यात खालची जागा दिली, त्याबद्दल पुढे बोलतो.

तर 1948. जेम्स ह्यूस्टन नावाचा टोरांटोचा चित्रकार, युद्धातून परतलेला, पॅरिसमध्ये शिकून आलेला, जेम्स बेजवळच्या मूस फॅक्टरी नावाच्या गावाला चित्रं काढायला गेलेला. तिथून एका मेडिकल इमर्जन्सीचं विमान इनुकजुआकच्या बाजूला निघालं त्यात याला जागा मिळाली. त्याने पुढे आयुष्यभर सांगितलेली गोष्ट अशी की तो तिथल्या लोकांची स्केचेस काढत होता, एकाने येऊन त्याच्या हातात मूठ उघडली, आत दगडात कोरलेला छोटासा कॅरिबू. ते घेऊन तो मॉन्ट्रियलला गिल्डकडे गेला. हे लक्षात घ्या की गिल्डला हा विषय नवा नव्हता. 1906 पासूनची संस्था, ॲलिस पेक आणि मे फिलिप्स या बायकांनी उभी केलेली, आणि 1930 मध्येच त्यांनी मॅककॉर्ड म्युझियममध्ये इनुइट वस्तूंचं प्रदर्शन भरवलं होतं. म्हणजे जमीन तयार होती, पैसे देणारी संस्था होती, वस्तू करणारे लोक होते, मधला दुवा नव्हता तो ह्यूस्टनमुळे जुळला. त्याचं श्रेय तेवढं आणि ते कमी नाही.

1949 च्या उन्हाळ्यात गिल्डने त्याला खरेदीसाठी पाठवलं. इनुकजुआक, पुविर्निटुक असं करत त्याने माल जमवला. पद्धत अशी की कुणी वस्तू आणली की ह्यूस्टन ती बघून किंमत ठरवायचा आणि चिठ्ठी लिहून द्यायचा, ती चिठ्ठी ट्रेडिंग पोस्टवर दाखवली की तेवढ्या किमतीचं सामान मिळायचं. ही चिठ्ठीच या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे असं मला वाटतं. एका बाजूने ती फार चांगली होती, कारण कोल्ह्याला आठवडेच्या आठवडे थांबावं लागतं आणि इथे माणूस तंबूत बसून काम करतोय, शिकारीत जखमी झालेला किंवा वय झालेला माणूससुद्धा कमवू शकतोय, वस्तू दिली की लगेच चिठ्ठी. पण दुसऱ्या बाजूने किंमत ठरवणारा बाहेरचा, सामान देणारं दुकान एकच, आणि मॉन्ट्रियलला ती वस्तू कितीला गेली हे करणाऱ्याला कळायचा काही मार्गच नाही.

त्या सुरुवातीच्या इनुकजुआक कामाचं एक वैशिष्ट्य सांगतो. आई आणि मूल हा विषय खूप दिसतो. आई बसलेली, अंग भरलेलं, हात शरीराला चिकटून, पाठीवर हूडमध्ये पोराचं डोकं. काही शिल्पांत चेहऱ्यावर सुळ्याचे पांढरे तुकडे बसवलेले असतात. दगडात बारीक भाग बाहेर काढला की तो पटकन तुटतो, म्हणून आकृती घट्ट आणि आटोपशीर. कुऱ्हाडीने ढोबळ आकार, मग करवत, कानस, सुरी, शेवटी घासून गुळगुळीत करून तेल. पुढे प्रसिद्ध झालेले जॉनी इनुकपुक याच गावचे, त्यांच्या आयांचे चेहरे एकदा बघितले की विसरत नाहीत. आणि दुसरं नाव अकीआक्ताशुक, 1898 चा जन्म, म्हणजे सेल झाला तेव्हा पन्नाशी ओलांडलेला शिकारी आणि छावणीतला वजनदार माणूस. त्यांचे शिकारी आणि पक्षी बघा, शरीर जड आहे पण उभं राहण्यात काय रुबाब आहे.

सेल गाजल्यावर पहिली गडबड झाली. 1951 मध्ये सरकार आणि गिल्ड यांनी मिळून इनुइट लोकांसाठी एक पत्रक काढलं, त्यांच्या लिपीतल्या मजकुरासकट, चित्रं ह्यूस्टनची, विषय हा की दक्षिणेत कुठल्या वस्तू विकल्या जातील. त्यात चांगल्या सूचनाही होत्या. पण ॲशट्रे, काडेपेटीचा स्टँड, पत्त्यांच्या खेळाचे गुण मोजायचा क्रिबेज बोर्ड हेसुद्धा होतं, आणि कळस म्हणजे टोटेम पोलसारखी एक वस्तू. टोटेम पोल म्हणजे आकृत्या कोरलेला उंच लाकडी खांब, तो पॅसिफिक किनाऱ्यावरच्या लोकांचा, जिथे आभाळाला टेकणारे सीडर आहेत. इनुकजुआकला झाडच उगवत नाही! पण गिऱ्हाईक हे मागतंय असं छापील कागद सांगतोय म्हटल्यावर लोकांनी तेही करून बघितलं. त्यांना दोष द्यायचा प्रश्नच येत नाही, घरात पीठ आणायचं होतं. पुढे यावर बरीच टीका झाली. माझ्या मते चूक चित्रं काढण्यात नव्हती, चूक अशी की काय बनवायचं हे ठरवताना बनवणाऱ्याला कुणी विचारलंच नाही.

आता नावांचं बघू. त्या काळातली खूपशी शिल्पं बिनसहीची आहेत, काहींच्या तळाला नुसता नंबर कोरलेला, E आणि पुढे आकडे. हा नंबर वस्तूचा नाही, माणसाचा. 1941 पासून कॅनडा सरकारने इनुइट लोकांना ओळख-बिल्ले दिले, छोटी गोल चकती, दोरीने गळ्यात घालायची, त्यावर मुकुटाचं चिन्ह आणि नंबर. E म्हणजे पूर्वेकडचा, W म्हणजे पश्चिमेकडचा, पुढचा आकडा भागाचा आणि मग माणसाचा. कारण काय तर अधिकाऱ्यांना नावं लिहिता-बोलता येत नव्हती आणि आडनावाची पद्धत नव्हती. म्हणजे मॉन्ट्रियलच्या दिवाणखान्यात शोभेला ठेवलेल्या शिल्पावर त्याच्या कर्त्याची सही म्हणून सरकारी नंबर. 1968 ते 1971 मध्ये एब ओकपिक या इनुइट माणसाने गावोगाव फिरून लोकांना आडनावं निवडायला मदत केली आणि मग ही नंबरबाजी हळूहळू संपली. आजचे संशोधक त्याच नंबरांवरून जुन्या शिल्पांचे कर्ते शोधून काढतात हे खरंय, पण म्हणून ती पद्धत बरी होती असं काही होत नाही.

आणि 1953. हे साल मी दोनदा वाचलं तरी विश्वास बसेना. त्या वर्षी लंडनच्या गिम्पेल फिस गॅलरीत राणीच्या राज्याभिषेकाच्या निमित्ताने इनुइट शिल्पांचं प्रदर्शन भरलं, अकीआक्ताशुक यांचं काम त्यात होतं, कॅनडाची शान म्हणून कौतुक झालं. आणि त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात सी. डी. हाऊ नावाच्या सरकारी जहाजावर इनुकजुआकची कुटुंबं चढवली गेली आणि जवळजवळ 2000 किलोमीटर उत्तरेला एल्समीर बेटावर आणि रेझोल्यूटला नेऊन उतरवली. सांगितलं काय तर तिकडे शिकार भरपूर आहे, इथे तुम्ही सरकारी मदतीवर अवलंबून राहताय, नाही आवडलं तर दोन वर्षांनी परत आणू. परत आणलं नाही. जहाजावर असतानाच कळलं की सगळे एकत्र नाहीत, वेगवेगळ्या ठिकाणी उतरवणार. इनुकजुआकला बेरी मिळतात, पक्ष्यांची अंडी, नदीत मासे, आणि तिकडे हिवाळ्यात काही महिने सूर्यच उगवत नाही, बर्फही वेगळा, शिकारीची सगळी पद्धत नव्याने शिकायची. 1955 पर्यंत मिळून नव्वदच्या आसपास माणसं अशी हलवली गेली, त्यात पॉन्ड इनलेटची काही कुटुंबंही होती, ज्यांना त्या अंधाराची सवय होती म्हणून सोबतीला दिलेली. देशाचा ताबा उत्तरेत दिसावा म्हणून तिथे माणसं हवी होती असं मानणारे बरेच आहेत आणि मला ते पटतं.

जहाजावर गेलेल्यांमध्ये अकीआक्ताशुकही होते. 1954 मध्ये, जाऊन वर्षही पुरतं झालं नसेल तोच, ते तिकडेच वारले. लंडनमध्ये ज्यांचं काम काचेत मांडलं त्या माणसाला सरकारी कागदावर मदतीवर जगणारा ठरवून हलवलं जातं. इनुकजुआक म्हणजे तेच गाव जिथे शिल्पांतून नवी कमाई सुरू झाली होती. एका खात्याने कमाईचा रस्ता बांधायचा आणि त्याच सरकारने त्या रस्त्यावरची माणसं उचलून न्यायची, याला काय म्हणायचं सांगा.

दरम्यान मागणी वाढत गेली तसा नकली माल आला. साच्यात ओतलेले, दगडाची पूड आणि रेझिनचे अस्वल, सील, शिकारी, नावं अशी की वाटावं उत्तरेतच बनलेत. म्हणून 1958 मध्ये सरकारने इग्लू टॅग सुरू केला, इग्लूचं चित्र असलेला रजिस्टर्ड ट्रेडमार्क, वस्तू हाताने आणि इनुइट माणसाने केलेली आहे याची खूण. त्याच सुमारास दुसरी आणि माझ्या मते जास्त मोठी गोष्ट घडली, ती म्हणजे को-ऑपरेटिव्ह. पुविर्निटुकला शिल्पकारांनी एकत्र येऊन आपली संघटना काढली, त्यात आंद्रे स्टाइनमन या पाद्र्याचा हातभार होता. किंगाइटला, म्हणजे तेव्हाच्या केप डॉर्सेटला, 1959 मध्ये वेस्ट बॅफिन को-ऑप उभी राहिली, जिथून पुढे केनोजुआक अशेवाक यांची प्रिंट्स जगभर गेली. नुनाविकमधल्या को-ऑप्सनी 1967 मध्ये फेडरेशन केलं. आता खरेदीचा दर गावातली संस्था ठरवणार, नफा उरला तर गावात फिरणार, आणि दुकानही आपलंच. ज्याने सहकारी साखर कारखाना किंवा दूध संघ जवळून बघितलाय त्याला वेगळं समजावायला नको की यात राजकारण असतं, भांडणं असतात, तरीही व्यापाऱ्याच्या चिठ्ठीपेक्षा ही फार वेगळी गोष्ट आहे.

बाहुल्यांचं आणि हत्यारांचं काय झालं? दक्षिणेच्या गॅलऱ्यांना दगड हवा होता, कारण दगड म्हणजे शिल्प आणि शिल्प म्हणजे आर्ट. कातड्याची बाहुली, उलू, गवताच्या टोपल्या हे सगळं हस्तकलेच्या शेल्फवर गेलं, किंमत कमी, कर्त्याचं नाव बहुतेक वेळा नाहीच. आणि शिवणकाम बायकांचं, दगड कोरणारे बहुतेक पुरुष, त्यामुळे मार्केटच्या या एका निवडीने कुणाची नावं इतिहासात राहणार हेसुद्धा ठरलं. शिल्पकार बायका होत्या, किंगाइटच्या ओविलू टुनिली यांचं काम जरूर बघा, पण संख्येने कमी. बाहुल्यांना थोडा मान मिळाला तो 1970 च्या दशकात टालोयोआकच्या बायकांमुळे, तेव्हा त्या गावाला स्पेन्स बे म्हणायचे. त्यांनी पॅकिंग डॉल्स म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बाहुल्या केल्या, आर्क्टिकमधले प्राणी आणि पक्षी, अंगात अमाउती आणि पाठीवर त्याच प्राण्याचं पिल्लू. दिसायला गोड आहेत, म्हणून लहान मुलांची खेळणी समजून पुढे जाऊ नका, शिवण बघा, हूडचा बेत बघा, आजीने आईला आणि आईने मुलीला शिकवलेलं सगळं त्यात आहे.

सरकारने स्थलांतराबद्दल अधिकृत माफी मागितली ती 18 ऑगस्ट 2010 ला, सत्तावन्न वर्षांनी. त्याच वर्षी ग्रीस फियोर्ड (एल्समीर बेटावरची वस्ती) आणि रेझोल्यूटमध्ये स्मारकं उभी राहिली. ग्रीस फियोर्डचं लूटी पिजामिनी यांनी कोरलं, त्यात एक बाई, मुलगा आणि कुत्रा. रेझोल्यूटचं सिमिओनी अमागोआलिक यांनी, आणि हे सिमिओनी स्वतः 1953 मध्ये इनुकजुआकहून आणलेल्यांपैकी. इतकी वर्षं दक्षिणेच्या गिऱ्हाइकांसाठी अस्वलं आणि शिकारी कोरून झाले, आणि इथे त्याच हातांनी स्वतःच्या लोकांसाठी, स्वतःच्या गावात उभं राहील असं काहीतरी केलं. हे काम विकायला नव्हतं.

आजची स्थिती बरीच बदललीय. इग्लू टॅग 2017 पासून सरकारकडे नाही, तो इनुइट आर्ट फाउंडेशन सांभाळतं. विनिपेगला 2021 मध्ये कौमाजुक हे केंद्र उघडलं, 14,000 च्या आसपास इनुइट कलाकृती, तीन मजली काचेच्या तिजोरीत हजारो शिल्पं बाहेरूनच दिसतात, आणि पहिलं प्रदर्शन मांडणारे क्युरेटर इनुइट होते. त्या भागात जाणं झालं तर वेळ काढून जा, तासभरात होणारं काम नाही ते.

इकडे कॅनडात राहणारी आपली मंडळी भारतात जाताना भेट म्हणून नायगरा किंवा बॅन्फच्या दुकानातून काळं चकचकीत अस्वल घेतात, त्यांच्यासाठी थोडं. शेल्फवर हुबेहूब सारखी दहा अस्वलं दिसली तर ती साच्यातली आहेत. खरा दगड हाताला गार लागतो आणि आकाराच्या मानाने जड असतो, तळाला सही असते, बऱ्याचदा इनुइट लिपीत, आणि टॅगवर कर्त्याचं नाव, गाव आणि नंबर. दुकानदाराला नाव आणि गाव विचारा, सांगता आलं नाही तर घेऊ नका. वॉलरसचा सुळा, नारव्हाल नावाच्या व्हेलचा सुळा, व्हेलचं हाड, सीलचं कातडं असलेली वस्तू देशाबाहेर न्यायला परमिटची भानगड असते, अमेरिकेत तर 1972 च्या कायद्यापासून समुद्री सस्तन प्राण्यांच्या वस्तू आणायला बंदी आहे आणि तुमचं विमान तिथून जात असेल तर सामान तिथेच अडकू शकतं, त्यामुळे भेट द्यायची तर दगडाची घ्या. बाहुली मिळाली आणि तिच्यावर शिवणाऱ्या बाईचं नाव असेल तर शिल्पाच्या आधी ती घ्या.